दुकानदार आईचा मुलगा : डॉ. बेंजामिन रश

वाचकहो, आपल्या मुलाने डॉक्टर व्हावे असे न वाटणारे आईबाप आपल्यात फार थोडे असतील. डॉक्टर होण्यासाठी काय लागते असे विचारले, तर आपण म्हणू, पैसा लागतो, गुण लागतात, चांगली शाळा लागते. हे खरेच आहे. परंतु डॉक्टर झाल्यानंतर काय लागते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेत होऊन गेलेल्या एका नामवंत डॉक्टरांचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहोत, ते मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नासाठी. त्यांचे नाव डॉ. बेंजामिन रश. त्यांच्या थोरवीबरोबर त्यांच्या चुकाही येथे सांगितल्या आहेत. त्यांतूनही तुम्हाआम्हाला पुष्कळ शिकता येईल.

बेंजामिन यांचा जन्म १७४६ च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फिया शहराजवळच्या बायबेरी या खेड्यात झाला. त्या वेळी अमेरिका स्वतंत्र राष्ट्र नव्हते. तेथील वसाहतींवर इंग्रजांचे राज्य होते. वडील जॉन रश शेती करीत आणि बंदुका बनवीत. सात भावंडांत बेंजामिन चौथे. १७५१ मध्ये वडील वारले, तेव्हा मुलगा अवघा पाच वर्षांचा होता. घरात लहान लहान मुले आणि मिळवते माणूस कोणी नाही. अशा वेळी आई सुझाना हिने काय करावे? नातलगांच्या दारी बसावे, की मुलांना कुठे तरी कामाला लावावे? तिने या दोन्हींपैकी काहीच केले नाही. फिलाडेल्फियात तिने किराणा मालाचे दुकान चालवले. गल्ल्यावर स्वतः बसली, हिशेब स्वतः ठेवला, आणि त्या कमाईतून मुलांना शिकवले.

बेंजामिन आठ वर्षांचा होताच तिने त्याला व त्याचा भाऊ जेकब याला मेरीलँडमधील नॉटिंगहॅम येथील शाळेत पाठवले. ती शाळा मुलांच्या मावशीचे यजमान सॅम्युएल फिनली चालवीत असत. एवढ्याशा लेकरांना डोळ्यांआड करणे कोणत्याही आईला जड जाते, पण तिने मन घट्ट केले. फिनली हे शिस्तीचे शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली बेंजामिनचा पाया इतका पक्का झाला की १७६० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो न्यू जर्सीच्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडला. हेच कॉलेज आज प्रिन्स्टन विद्यापीठ म्हणून प्रसिद्ध आहे. धाकटा जेकब पुढे न्यायाधीश झाला. एका किराणा दुकानाने एक डॉक्टर आणि एक न्यायाधीश घडवला, ही गोष्ट पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पदवीनंतर बेंजामिन यांनी फिलाडेल्फियाचे डॉ. जॉन रेडमन यांच्याकडे सुमारे साडेपाच वर्षे उमेदवारी केली. त्या काळी वैद्यकी शिकण्याचा हाच मार्ग होता. औषधे कुटायची, रोग्यांच्या घरी जायचे, रात्री बिछान्याशेजारी जागायचे आणि गुरूचे पाहून शिकायचे. तेवढ्यावर समाधान न मानता १७६६ मध्ये ते समुद्र ओलांडून स्कॉटलंडमधील एडिंबरोला गेले. तेथील वैद्यकीय विद्यालय त्या काळी युरोपात नावाजलेले होते. विल्यम कलन आणि जोसेफ ब्लॅक यांच्यासारखे गुरू तेथे लाभले. पोटात अन्न कसे पचते हा विषय त्यांनी प्रबंधासाठी घेतला. त्यासाठी जेवण झाल्यावर वांतीचे औषध घेऊन पोटातले अन्न तपासण्याचा प्रयोग त्यांनी स्वतःवरच केला! त्यांनी काढलेला निष्कर्ष पुढे टिकला नाही, पण १७६८ मध्ये एम. डी. ची पदवी मिळाली. नंतर लंडनच्या रुग्णालयांत अनुभव घेऊन आणि पॅरिस पाहून १७६९ मध्ये ते मायदेशी परतले. बेंजामिन फ्रँकलिन त्या वेळी लंडनमध्ये होते. पॅरिसच्या प्रवासासाठी या तरुणाला त्यांनीच पैशांची मदत केली.

परत येताच, वयाच्या तेविसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या कॉलेजात त्यांची रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. अमेरिकन वसाहतींतील रसायनशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक. व्यवसायात मात्र सुरुवातीला ना ओळख होती ना वशिला. श्रीमंतांची घरे जुन्या डॉक्टरांनी धरलेली होती. म्हणून रश गरिबांच्या वस्तीत फिरू लागले. माड्या चढून, कोंदट खोल्यांत शिरून ते रोगी पाहत. पुष्कळांकडून पैसा मिळत नसे. पुढे नाव झाले, तरी गरिबांकडे जाण्याची सवय त्यांनी सोडली नाही. १७८६ मध्ये फिलाडेल्फियात गरिबांसाठी मोफत दवाखाना निघाला. अमेरिकेतील या प्रकारच्या पहिल्या दवाखान्याच्या उभारणीत रश यांचा मोठा वाटा होता.

याच सुमारास देशात स्वातंत्र्याचे वारे वाहू लागले. टॉमस पेन याने १७७६ च्या जानेवारीत स्वातंत्र्याची बाजू मांडणारे जे गाजलेले पुस्तक काढले, त्याचे ‘कॉमन सेन्स’ हे नाव रश यांनी सुचवलेले होते. त्याच महिन्यात त्यांचा विवाह ज्युलिया स्टॉकटन हिच्याशी झाला. वर्ष संपण्यापूर्वी जावई आणि सासरे रिचर्ड स्टॉकटन या दोघांनीही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तेव्हा रश तीस वर्षांचे होते. युद्धात ते लष्करी रुग्णालयांचे अधिकारी झाले. तेथील घाण, गर्दी आणि औषधांची टंचाई पाहून त्यांना राहवले नाही. आपल्या वरिष्ठांच्या कारभारावर त्यांनी उघड तक्रार केली. सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावर टीका करणारे एक निनावी पत्रही त्यांनी लिहिले. १७७८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते पत्र कोणाचे हेही उघडकीस आले. तक्रार रास्त होती, पण निनावी पत्राने तिचे वजन कमी झाले. सैनिकांनी स्वच्छता कशी राखावी, खावे काय, कपडे कसे वापरावेत याविषयी त्यांनी लिहिलेली पुस्तिका मात्र फार उपयोगी ठरली.

विद्यार्थी मित्रांनो, देश स्वतंत्र झाला म्हणजे काम संपले असे रश यांना वाटत नव्हते. लोक शिकले नाहीत तर स्वराज्य टिकणार नाही, ही त्यांची खात्री होती. १७८३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या आतल्या भागात कार्लाइल येथे डिकिन्सन कॉलेज स्थापन करण्यात ते पुढे होते. १७८६ मध्ये संपूर्ण राज्यासाठी सार्वजनिक शाळांची एक योजना त्यांनी छापून प्रसिद्ध केली. आणि १७८७ मध्ये फिलाडेल्फियातील मुलींच्या नव्या विद्यालयात त्यांनी स्त्रीशिक्षणावर भाषण दिले. मुलींना भाषा आणि सुवाच्य अक्षर तर यावेच, शिवाय अंकगणित, जमाखर्च, भूगोल, इतिहास आणि थोडेबहुत विज्ञानही यावे, असे त्यांचे म्हणणे होते. मुलींना जमाखर्च कशाला, असे त्या काळच्या पुष्कळांना वाटले असेल. फिलाडेल्फियातील त्या किराणा दुकानाची हकीगत ज्याला ठाऊक आहे, त्याला असा प्रश्न पडणार नाही.

रश यांची दृष्टी घर आणि मुलांचे संगोपन यापलीकडे फारशी गेली नव्हती, हेही खरे. स्त्रीने डॉक्टर व्हावे असे त्यांनी म्हटले नाही. परंतु शिक्षणाचे दार एकदा किलकिले झाले की पुन्हा सहज मिटत नाही. त्याच फिलाडेल्फिया शहरात १८५० मध्ये स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १८८६ मध्ये तेथूनच आपल्या महाराष्ट्राच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

आता या चरित्रातील अवघड भागाकडे वळू. १७७३ मध्येच रश यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. पुढे ते पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्षही झाले. असे असताना त्यांच्या स्वतःच्या घरी विल्यम नावाचा एक गुलाम होता. त्याच्या मुक्ततेचा कागद त्यांनी १७८८ मध्ये केला आणि त्यातही सुटकेसाठी १७९४ साल घातले. पुस्तिका आणि विल्यमची सुटका यांत वीस वर्षांहून अधिक काळ गेला. दुसऱ्याला सांगणे सोपे असते आणि आपल्या उंबऱ्याच्या आत तेच आचरणात आणणे कठीण असते. हे थोरांनाही चुकले नाही.

१७९३ चा उन्हाळा उजाडला. फिलाडेल्फिया तेव्हा अमेरिकेची राजधानी होती आणि तिची वस्ती सुमारे पन्नास हजार होती. ऑगस्टमध्ये शहरात पीतज्वराची साथ पसरली. कडक ताप, पिवळी पडलेली कातडी, काळी वांती आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. हजारो लोक घरदार सोडून पळाले. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन आणि सरकारी अधिकारीही शहराबाहेर गेले. ज्युलिया मुलांना घेऊन न्यू जर्सीत नातलगांकडे होती. रश यांनाही जाता आले असते. ते गेले नाहीत. दिवसाला शंभराहून अधिक रोगी ते पाहत. त्यांच्याबरोबर राहणाऱ्या पाच शिष्यांपैकी तिघे दगावले. सख्खी बहीण त्यांच्याच घरात वारली. त्यांना स्वतःलाही तापाने गाठले. अंगात थोडी शक्ती येताच ते पुन्हा उठून कामाला लागले. त्या काही महिन्यांत शहरात सुमारे पाच हजार माणसे मेली. या काळातील त्यांच्या धैर्याविषयी आजही कोणी शंका घेत नाही.

परंतु वाचकहो, धैर्य वेगळे आणि अचूकपणा वेगळा. रश यांची उपचारपद्धती अशी होती : पाऱ्यापासून केलेल्या कॅलोमेल या औषधाचे जबर जुलाब द्यायचे आणि शीर उघडून पुष्कळ रक्त काढायचे, तेही पुन्हा पुन्हा. माणसाच्या शरीरात असते त्याहून कितीतरी अधिक रक्त असते असा त्यांचा समज होता. त्याच शहरात, बुश हिल येथील साथीच्या रुग्णालयात, डॉ. देव्हेझ हे फ्रेंच डॉक्टर विश्रांती, पेये आणि सौम्य औषधे यांवर भर देत होते. अलेक्झांडर हॅमिल्टन हे मंत्रीही सौम्य उपचारांनी बरे झाले आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितले. रश यांनी त्याकडे लक्ष दिले नाही. जे रोगी वाचले ते आपल्या उपचाराने वाचले आणि जे दगावले त्यांचे रक्त वेळेवर वा पुरेसे काढले गेले नाही, अशी त्यांची समजूत होती. ज्या विचाराला कोणताही पुरावा खोटा पाडू शकत नाही, त्या विचारापासून सावध राहावे, हे शास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने येथून घेण्यासारखे आहे.

त्यांची आणखी एक चूक इतरांना फार महाग पडली. काळ्या लोकांना हा ताप होत नाही असे समजून त्यांनी शहरातील स्वतंत्र आफ्रिकी समाजाला मदतीसाठी हाक दिली. ॲब्सालोम जोन्स आणि रिचर्ड ॲलन या पुढाऱ्यांसह अनेक स्त्रीपुरुष पुढे आले. त्यांनी रोग्यांची सेवा केली, प्रेते उचलली, पुरली. समज खोटा होता. तेही आजारी पडले आणि त्यांच्यातीलही शेकडो माणसे मेली. इतके करूनही, यांनी सेवेचे भरमसाट पैसे उकळले असा आरोप एका प्रकाशकाने छापला. तेव्हा जोन्स आणि ॲलन यांनी १७९४ मध्ये स्वतः पुस्तिका काढून, हिशेब मांडून उत्तर दिले. लेखणी हाती होती म्हणून त्यांना आपली बाजू जगापुढे ठेवता आली.

पीतज्वर कशाने होतो, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. धक्क्यावर सडत पडलेल्या कॉफीच्या दुर्गंधीने तो पसरला असे रश म्हणत. त्या वर्षी डास फार झाले होते, ही नोंद त्यांनी स्वतः करून ठेवली होती, पण त्या नोंदीचा अर्थ त्यांना उमगला नाही. १८८१ मध्ये क्यूबाचे डॉ. कार्लोस फिनले यांनी डासांकडे बोट दाखवले आणि १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या मंडळाने ते सिद्ध केले. खरे उत्तर रश यांच्या वहीत होते. फक्त ते उत्तर आहे, हे त्यांना कळले नाही.

विल्यम कॉबेट नावाच्या पत्रकाराने रश यांच्या रक्त काढण्याच्या पद्धतीवर जहरी टीका केली. रश कोर्टात गेले. १४ डिसेंबर १७९९ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि कॉबेटला पाच हजार डॉलरचा दंड झाला. योगायोग असा, की त्याच रात्री जॉर्ज वॉशिंग्टन यांचा मृत्यू झाला. घसा सुजल्याने ते आजारी होते आणि त्यांच्या डॉक्टरांनी एका दिवसात त्यांचे दोन लिटरांहून अधिक रक्त काढले होते. कोर्टातला निकाल रश यांच्या बाजूने गेला. शास्त्राचा निकाल मात्र विरुद्ध लागला. १८३० नंतर पॅरिसच्या डॉ. लुई यांनी रोग्यांची रीतसर मोजदाद करून रक्त काढण्याचा लाभ किती थोडा आहे हे दाखवले आणि हळूहळू ती प्रथा मागे पडली.

आता रश यांच्या घरात डोकावू. ज्युलियाला तेरा मुले झाली, त्यांतली नऊ जगली. मुलगा रिचर्ड मोठा मुत्सद्दी झाला. तो अमेरिकेचा ॲटर्नी जनरल, इंग्लंडमधील वकील आणि अर्थमंत्री होता. जेम्स स्मिथसन या इंग्रज शास्त्रज्ञाने अमेरिकेत ज्ञानप्रसारासाठी ठेवलेली संपत्ती लंडनच्या कोर्टातून सोडवून, सुमारे एक लाख पाच हजार सोन्याची नाणी १८३८ मध्ये मायदेशी आणण्याचे काम याच रिचर्डने केले. त्यातूनच प्रख्यात स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. दुसरा मुलगा जेम्स डॉक्टर झाला. त्याने मानवी आवाजावर ग्रंथ लिहिला आणि मरताना आपली मोठी संपत्ती फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयाला दिली.

थोरल्या जॉनची कहाणी मात्र दुःखाची आहे. तो आरमारात होता. १८०७ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे एका द्वंद्वयुद्धात त्याच्या हातून त्याचाच एक मित्र मारला गेला. त्यानंतर त्याचे मन ढासळत गेले. १८१० मध्ये त्याला फिलाडेल्फियाला आणले, तेव्हा तो ओळखू न येण्याइतका बदललेला होता. वडिलांनी त्याला पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात दाखल केले. त्याच हॉस्पिटलात रश १७८३ पासून रोगी पाहत होते. तेथेच १७९२ मध्ये वेड्यांसाठी वेगळी इमारत व्हावी म्हणून त्यांनी सरकारकडून पैसा मिळवला होता. या माणसांना थंड कोठड्यांत साखळदंडांनी बांधू नका, त्यांना ऊब द्या, हाताला काम द्या, त्यांच्याशी माणसासारखे बोला, असा आग्रह त्यांनी धरला होता. परक्यांच्या लेकरांसाठी जे मागितले, त्याचाच आसरा शेवटी आपल्या लेकराला घ्यावा लागला. जॉन पुढची सुमारे सत्तावीस वर्षे, १८३७ मध्ये मरेपर्यंत, थोडे दिवस सोडता तेथेच राहिला.

पोटच्या मुलाचे हे दुःख उराशी धरून रश यांनी १८१२ मध्ये मनाच्या आजारांवरील ग्रंथ पूर्ण केला. या विषयावर अमेरिकन डॉक्टराने लिहिलेला तो पहिला मोठा ग्रंथ. त्यातही रक्त काढण्याचे उपचार आहेत. हातपाय व डोके बांधून ठेवणारी त्यांनी तयार केलेली खुर्ची आज क्रूर वाटते. परंतु वेड हा शाप नाही, बाहेरची बाधा नाही, तर तो आजार आहे, आणि आजाऱ्याची लाज धरायची नसते, हे त्यांनी ठामपणे मांडले. याच कार्यासाठी पुढे त्यांना अमेरिकन मानसोपचारशास्त्राचे जनक म्हटले गेले. पालकहो, घरातल्या माणसाचे मन आजारी पडले तर ते झाकून ठेवण्याची रीत आपल्याकडे अजूनही दिसते. रश यांनी आपल्या मुलाला झाकून ठेवले नाही, एवढे तरी आपण त्यांच्याकडून घ्यावे.

अखेरच्या वर्षांत त्यांनी आणखी एक चांगले काम केले. जॉन ॲडम्स आणि टॉमस जेफर्सन हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष राजकारणामुळे एकमेकांशी बोलेनासे झाले होते. रश दोघांचेही स्नेही. दोन्हीकडे पत्रे लिहून त्यांनी चिकाटीने मध्यस्थी केली आणि १८१२ मध्ये त्या दोघांचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. पुढच्याच वर्षी, १९ एप्रिल १८१३ रोजी, थोड्याशा आजाराने डॉ. रश यांचे निधन झाले. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्यांची संख्या सुमारे तीन हजार होती. ज्युलिया त्यांच्यामागे १८४८ पर्यंत जगली.

हे तीन हजार शिष्य म्हणजे रश यांची सर्वांत मोठी कमाई, आणि सर्वांत मोठी जोखीमही. गुरूचे गरिबांविषयीचे ममत्व शिष्यांबरोबर गावोगाव गेले, तशीच शीर उघडण्याची सुरीही गेली. विद्वान माणसाची चूक त्याच्यापुरती राहत नाही, ती शिष्यांच्या हातांनी पसरते. म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर रश यांच्या आयुष्यातून असे मिळते : डॉक्टर होण्यासाठी सुझानासारखी आई लागते, आणि डॉक्टर झाल्यावर साथीत पळून न जाण्याची छाती लागते. ही छाती रश यांच्याजवळ होती. आपले म्हणणे पुराव्यावर घासून पाहण्याची नम्रता मात्र या बाबतीत कमी पडली, आणि तिची किंमत रोग्यांनी मोजली.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर, शिक्षक किंवा इंजिनियर होईल. तेव्हा आपल्या वहीतल्या नोंदी पुन्हा वाचत जा. तुमच्याशी न पटणाऱ्याचे म्हणणेही ऐकून घ्या. आणि पालकहो, मुलाला शिकवताना मुलीलाही जमाखर्च शिकवा. घरावर वेळ आली, तर गल्ल्यावर बसून सगळे घर सावरणारी कदाचित तीच असेल.